हिरवळीचा हिशेब

कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय, सरकारी कचेरी किंवा अलीकडे उभी राहिलेली एखादी मोठी गृहनिर्माण संस्था पाहावी. प्रवेशद्वारातून आत पाऊल टाकताच हिरवळीचा एक आखीव तुकडा दृष्टीस पडतो आणि त्याच्या कडेला ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी असते. उद्घाटनाच्या दिवशी घेतलेल्या छायाचित्रात ही हिरवळ मखमलीसारखी दिसते. दोन उन्हाळे उलटले की तिच्या मध्यभागी पिवळे चट्टे पडतात, त्या चट्ट्यांतून लव्हाळा डोके वर काढतो, कडेने हरळी आत सरकते आणि कुंपणालगत गाजरगवत फोफावते. मग व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघतो, माळ्याच्या नावाने ठपका ठेवला जातो, नवे गवत अंथरण्याचे अंदाजपत्रक मंजूर होते आणि दोन वर्षांनी तोच विषय पुन्हा त्याच समितीपुढे येतो.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक आहे. ज्या राज्यात पिण्याच्या पाण्यापासून शाळांच्या छपरांपर्यंत शेकडो गाऱ्हाणी पडून आहेत, तेथे गवताची चर्चा कशासाठी करावी, असे कोणी म्हटल्यास ते स्वाभाविकच होय. परंतु सार्वजनिक संस्था दुसऱ्याचा पैसा आणि सर्वांचे पाणी कोणत्या पद्धतीने खर्च करतात, याचा नमुना म्हणून या गवताकडे पाहिले तर प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. तणांनी भरलेली हिरवळ हे बागकामातील अपयश नाही. ते हिशेबातील अपयश आहे. जी वस्तू कोणी वापरत नाही, तिच्यावर होणारा खर्च कोणत्याही एका खात्यावर पूर्णपणे दिसत नाही, म्हणूनच ती टिकून राहते.

उसनी आवड

हिरवळीची ही आवड आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. इंग्लंडचे हवामान थंड, ऊन सौम्य आणि पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडणारा. तेथे गवत वाढवावे लागत नाही, ते कापावे लागते. पूर्वी हे काम मेंढ्या आणि विळे करीत असत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने कापडावरील तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि जमीनदाराच्या वाड्यापुढची हिरवळ मध्यमवर्गीयाच्या घरापुढेही दिसू लागली. छावण्या, जिमखाने आणि कलेक्टरांचे बंगले यांच्याबरोबर हीच कल्पना दख्खनच्या पठारावर येऊन पोहोचली. येथे वर्षाचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन सुकत जाते, ही अडचण तेव्हा जाणवली नाही. पखाल वाहणारा भिस्ती स्वस्त होता आणि त्याच्या श्रमाचा हिशेब ठेवण्याची कोणाला गरज नव्हती.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा करताना या हिरवळीचाही समाचार घेतला आहे. आखूड कापलेले कुरण पाहून माणसाला आनंद होतो, कारण त्याचे पूर्वज गुरे राखणारे होते. परंतु त्या कुरणावर गाय सोडली तर ती उपयुक्ततेचा आणि काटकसरीचा वास आणते, म्हणून श्रीमंतांच्या उद्यानात गाय वर्ज्य ठरते आणि तिच्या जागी हरणासारखा निरुपयोगी प्राणी ठेवला जातो, असे त्याचे निरीक्षण आहे. आपल्याकडच्या संस्थांनी त्याच्याही पुढे एक पाऊल टाकले आहे. येथे गाय तर नाहीच, विद्यार्थ्यालाही हिरवळीवर बसण्यास मज्जाव आहे. जिच्यावर चालता येत नाही, बसता येत नाही, खेळता येत नाही, अशी जमीन केवळ दुरून पाहण्यासाठी राखणे हा दिखाऊ उपभोगाचा शुद्ध प्रकार होय. मूल्यमापन समितीच्या भेटीपूर्वी घाईघाईने अंथरलेले आणि भेट आटोपल्यावर वाळून गेलेले गवत अनेक प्राध्यापकांनी पाहिले असेल.

पाण्याचा ताळेबंद

आता थोडे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर. मार्च ते मे या काळात पठारावर उघड्या उन्हातील गवत हिरवे ठेवायचे तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी हा हात आखडून केलेला अंदाज आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोजचे ५०० लिटर आणि एकराला रोजचे सुमारे २० हजार लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे दोन टँकर. तीन महिन्यांत हा आकडा १८ लाख लिटरांच्या वर जातो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरवण्याचे उद्दिष्ट धरण्यात आले. त्या मापाने एक एकर हिरवळ ३६० हून अधिक माणसांचे पाणी रोज पिऊन टाकते.

हे पाणी फुकट नाही. ते फुकट वाटते, एवढेच. अनेक शहरांत पाणीपट्टी प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे न घेता ठोक घेतली जाते. बागेच्या नळाला वेगळा मापक बहुधा कोठेच नसतो. विंधन विहिरीचे पाणी तर जमिनीच्या मालकाला स्वतःचेच वाटते. वस्तुतः भूगर्भातील साठा कुंपण ओळखत नाही आणि एकाने अधिक उपसले तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. संस्थेच्या जमाखर्चात हिरवळीचा खर्च चार ठिकाणी विखुरलेला असतो. पंपाची वीज वीजबिलात, पाणी पाणीपट्टीत, माळ्याची मजुरी कंत्राटी सेवेत आणि नवे गवत ‘परिसर सुशोभीकरण’ या सदरात. हे चारही आकडे एका ओळीत मांडण्याचे कष्ट संस्थेच्या लेखापालाने एकदा घेतले तर अनेक व्यवस्थापन समित्यांना आश्चर्याचा धक्का बसेल.

महाराष्ट्राला या प्रश्नाची कठोर जाणीव एकदा झालेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेसाठी मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि मे महिन्यातील सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्या वेळी वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. मैदानावर निदान खेळ होतो आणि तो लाखो लोक पाहतात. ज्या हिरवळीवर काहीच होत नाही तिच्याविषयी मात्र त्या वादात कोणी अवाक्षर काढले नाही.

नेव्हाडाचा धडा

या बाबतीत एक धडा अनपेक्षित ठिकाणाहून मिळतो. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटात लास व्हेगास हे शहर वसले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी चार इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून येते. चैनीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराने गवताच्या बाबतीत मात्र कंजूषपणा पत्करला. १९९९ पासून तेथील जलप्राधिकरण हिरवळ काढून टाकणाऱ्या मालकाला चौरस फुटामागे रोख अनुदान देत आले आहे. हिरवळीला वर्षाकाठी चौरस फुटामागे सुमारे ७३ गॅलन पाणी लागते, तर त्याच जागी दुष्काळ सोसणारी झाडेझुडपे लावल्यास सुमारे १७ गॅलन पुरतात, असे तेथे अनेक वर्षे प्रत्यक्ष मोजमाप करून २००५ च्या अहवालात दाखवण्यात आले. म्हणजे दर चौरस फुटामागे वर्षाला दोनशे लिटरांहून अधिक बचत.

पुढे २०२१ साली कोलोरॅडो नदीवर इतिहासात प्रथमच पाणीटंचाई अधिकृतपणे जाहीर झाली. त्याच वर्षी नेव्हाडाच्या विधिमंडळाने कायदा करून दक्षिण नेव्हाडातील ‘निरुपयोगी’ गवताला नदीचे पाणी देण्यावर बंदी घातली आणि असे गवत काढण्यासाठी २०२६ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. या कायद्यातील विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे. शाळांची क्रीडांगणे, उद्याने आणि एका कुटुंबाची राहती घरे त्यातून वगळण्यात आली. रस्त्यांमधील दुभाजक, कचेऱ्यांची दर्शनी बाजू, व्यापारी संकुलांचे कोपरे, म्हणजे जेथे गवत कापणाऱ्याखेरीज कोणाचे पाऊल पडत नाही अशा जागा तेवढ्या कायद्याच्या कक्षेत आल्या. गवत चांगले की वाईट हा वाद कायद्याने घातलाच नाही. ते कोण वापरतो, एवढाच प्रश्न त्याने विचारला.

नेव्हाडा आणि महाराष्ट्र यांची तुलना सर्वस्वी होऊ शकत नाही. तेथे वाळवंट आहे, येथे मोसमी पाऊस आहे; तेथील प्राधिकरणाजवळ पैसा आहे, येथील नगरपालिकांची तिजोरी बहुधा रिकामी असते. तरीही उपयोगाची ती कसोटी फुकट आहे आणि ती येथेही जशीच्या तशी लागू पडते.

फसवे पर्याय

हिरवळ काढायची म्हटले की आपल्याकडे दोन पर्याय तत्काळ पुढे येतात आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला पर्याय सिमेंटच्या ठोकळ्यांचा. सबंध आवार पेव्हर ब्लॉकने झाकून टाकले की तण उगवत नाही, चिखल होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. पहिली दोन वर्षे तो खराही ठरतो. नंतर ठोकळ्यांच्या सांध्यांतून तेच तण डोकावते. मधल्या काळात उन्हाने तापलेले आवार रात्रीपर्यंत उष्णता ओकत राहते आणि पावसाचे जे पाणी जमिनीत मुरायला हवे होते ते गटारातून रस्त्यावर येते. ठोकळे पाण्याची बचत करतात हे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. ते पाण्याचा खर्च वाचवतात आणि पाण्याची आवक बंद करतात. दुसरा पर्याय प्लॅस्टिकच्या गवताचा. ते भर उन्हात अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतके तापते, काही वर्षांत झिजते आणि मग त्याचा कचरा कोठे टाकावा हा नवा प्रश्न उभा करते. नेव्हाडातील अनुदानाची अटही अशी आहे की, मोकळ्या केलेल्या जागेपैकी निदान निम्मी जागा वाढ पूर्ण झाल्यावर जिवंत वनस्पतींनी झाकली गेली पाहिजे आणि उरलेल्या जागेतून पाणी जमिनीत झिरपले पाहिजे. वाळवंटातील लोकांना जे कळले ते मोसमी पावसाच्या प्रदेशाला कळू नये, हे शोभणारे नाही.

जमिनीला मानवेल ते

खरा पर्याय शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्याला आपण तण म्हणतो त्यानेच अर्धे उत्तर दिलेले आहे. विकतच्या गवताला हुसकावून लावणारी हरळी म्हणजेच दूर्वा. एका बाजूने ती खुरप्याने उपटून फेकायची आणि गणेशचतुर्थीला बाजारातून तिचीच जुडी विकत आणायची, हा व्यवहार तर्काला धरून नाही. हरळी उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, परंतु मरत नाही. मृगाचा पाऊस पडताच ती आठवडाभरात पुन्हा हिरवी होते. जेथे मुले खेळतात, विद्यार्थी बसतात, सभा भरतात, तेथे हरळीच राखावी, ती महिन्यातून एकदोनदा कापावी आणि उन्हाळ्यातील तिचा तपकिरी रंग ऋतुमानाचा भाग म्हणून स्वीकारावा. बाराही महिने हिरवे दिसण्याचा अट्टहास सोडला की निम्मा खर्च तेथेच संपतो.

लव्हाळ्याची गोष्ट निराळी. पुराच्या लोंढ्यातही तो तगतो हे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. माळ्याच्या खुरप्यापुढे तो हार मानील ही अपेक्षाच चुकीची होती. त्याची पाती उपटली तरी जमिनीतील गाठी शाबूत राहतात आणि एका गाठीतून नवी साखळी सुरू होते. याच जातीच्या गाठी नागरमोथा या नावाने उटण्यात आणि औषधात वापरल्या जातात. त्यांचा बंदोबस्त करायचा तर एप्रिल-मे महिन्यांत जमीन खोल खणून गाठी वर काढाव्यात आणि कडक उन्हात वाळू द्याव्यात. उरलेला बंदोबस्त सावलीवर सोपवावा, कारण लव्हाळ्याला दाट सावली सोसत नाही. गाजरगवताविषयी मात्र दयामाया नको. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेल्या या परदेशी वनस्पतीने देशभर हातपाय पसरले आहेत. तिच्या संसर्गाने त्वचेचे विकार आणि परागकणांमुळे श्वसनाचे विकार होतात. ती फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटली पाहिजे आणि हे काम श्रमदानाच्या उत्साहात विद्यार्थ्यांकडून उघड्या हातांनी करून घेता कामा नये.

मोकळ्या झालेल्या जागेत काय लावावे याचे उत्तर त्या आवाराबाहेरील माळरानच देते. पाण्यावाचून पिवळ्याधमक फुलांनी बहरणारा तरवड, कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा, खडकाळ कोपऱ्यात कोरफड, उतारावर माती धरून ठेवणारा वाळा, काटेरी आडोशासाठी करवंद. आणि या सर्वांवर सावली धरायला कडुलिंब, बहावा, आपटा, कांचन. झाडांखाली पडलेला पाला झाडून जाळण्याऐवजी तेथेच पसरू द्यावा; पाचोळ्याच्या चार बोटे जाडीच्या थराखाली ओल टिकते, तणाचे बी सहसा रुजत नाही आणि वर्षभरात त्याचेच खत होते. वाटांसाठी मुरूम किंवा फटी ठेवून बसवलेल्या शहाबादी फरशा पुरेशा आहेत. खड्डे मे महिन्यात, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर, हे वेळापत्रक शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सुशोभीकरणाच्या निविदा मार्चअखेरीस निघतात आणि रोपे एप्रिलच्या उन्हात लावली जातात, म्हणून ते संस्थांना सांगावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देखभाल कमी याचा अर्थ देखभाल शून्य असा नाही. नव्या रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, आळी करावी लागतात, मेलेल्या रोपांच्या जागी दुसरी लावावी लागतात. ज्या संस्थेला पहिल्या दोन वर्षांची ही जबाबदारी नको असेल तिने लागवडीच्या समारंभाचाही मोह टाळलेला बरा.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येतो की अनेक संकुलांत हिरवळीला सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी दिले जाते, तेव्हा त्यात कोणाचे नुकसान नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याचे उत्तर देऊ शकेल. एखाद्या साधनाची किंमत त्याच्या दुसऱ्या उत्तम उपयोगावरून ठरते. तेच पाणी शौचालयांसाठी किंवा बांधकामासाठी वापरले तर तेवढे पिण्याचे पाणी वाचते. दुसरा आक्षेप सापांचा. झुडपे लावली तर साप येतील, ही भीती खोटी नाही. परंतु साप येतात ते उंदरांमागे आणि उंदीर येतात ते कचऱ्याच्या आश्रयाला. वाटांच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवली, इमारतीला लागून दाट झुडपे लावली नाहीत आणि कचरा वेळेवर उचलला तर ही भीती आटोक्यात राहते. तिसरा आक्षेप खर्चाचा. आजवर हिरवळीवर एवढा पैसा घातला, तो वाया घालवायचा काय, असे विचारले जाते. तो पैसा गेलेलाच आहे. बुडीत खर्चाच्या मागे नवा खर्च पाठवणे याला बचत म्हणत नाहीत.

चौथा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हिरवळ गेली तर माळ्याचे काय? कंत्राटावर तुटपुंज्या मजुरीत राबणारा माळी आणि उन्हात उकिडव्याने बसून खुरपणी करणाऱ्या बाया यांच्या पोटावर पाय देऊन होणारी बचत बचत म्हणवून घेण्यास पात्र नाही. वस्तुतः रोपवाटिका, आळी, छाटणी, पाचोळ्याचे खत ही कामे हिरवळीला पाइप धरून उभे राहण्यापेक्षा अधिक कौशल्याची आहेत. पाणी, वीज आणि नव्या गवताच्या खर्चात जी बचत होईल तिचा काही हिस्सा या माणसांच्या मजुरीत गेला पाहिजे. हे कंत्राटातच लिहिले गेले पाहिजे; संस्थाचालकांच्या सदिच्छेवर ते सोडता येणार नाही.

काय करता येईल

प्रत्येक संस्थेने आपल्या आवाराचा नकाशा समोर ठेवून कोणत्या जागेवर माणसांची पावले पडतात आणि कोणत्या पडत नाहीत, हे नोंदवावे. हे काम भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. पाठ्यपुस्तकातील चार प्रकरणांपेक्षा त्यातून अधिक शिक्षण होईल. बागेच्या नळाला स्वतंत्र मापक बसवावा आणि त्याचा मासिक आकडा सूचनाफलकावर लावावा. लागवडीचे कंत्राट देताना रकमेचा मोठा भाग दोन वर्षांनंतर, जगलेल्या झाडांच्या मोजणीवर द्यावा. सौर उष्णजल, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण यांसाठी पुणे महापालिकेने मिळकतकरात सवलत दिलेली आहे. पाणी पिणारी हिरवळ काढून तेथे सच्छिद्र, सजीव आच्छादन करणाऱ्यांनाही अशी सवलत देण्यास हरकत नसावी. मात्र सिमेंटने झाकलेल्या जागेला ती मिळता कामा नये. आणि या सर्वांची सुरुवात सरकारी कचेऱ्यांच्या दर्शनी हिरवळीपासून झाली पाहिजे. नागरिकांना काटकसर शिकवणाऱ्या पाटीमागेच पाण्याचा फवारा उडत असेल तर त्या उपदेशाला अर्थ उरत नाही.

समाजाची सौंदर्यदृष्टी हुकमाने बदलत नाही हे खरे. तथापि, जमीन, ऋतू आणि पाणी यांच्याशी फारकत घेतलेली सौंदर्यदृष्टी फार काळ परवडतही नाही. भाद्रपदात फुललेले माळरान पाहण्यासाठी शहरातील माणसे दूरवर प्रवास करून जातात आणि परत येऊन आपल्या दारातील तशाच रानफुलांवर खुरपे चालवतात. ही विसंगती दूर करण्यासाठी निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. हिरवळीची पाण्याची तोटी बंद करून एक पावसाळा वाट पाहिली आणि जमीन स्वतःहून काय उगवते ते मन लावून पाहिले, तरी पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक अधिक शहाणपणाने लिहिले जाईल.